मोहरीची उशी

दिवे लागले तशा हॉलमधल्या सगळ्या बायका एका सुरात "अगं बाई!" म्हणाल्या. मी म्हणाले नाही. मी पाळण्याच्या पायथ्याकडे बघत होते.

उशाकडचा उजेड पांढराशुभ्र होता. तोच उजेड कडेकडेनं पायथ्याशी पोचेपर्यंत पिवळट, दमल्यासारखा झाला होता. दिव्यांची पट्टी एकाच जातीची, दुकान एकच, लावणारा हात एकच. लांबी वाढली की टोक थोडं मंद पडतं हे खरं, पण इतकं नाही.

"कसा वाटला, ताई?" धैर्यशीलनं विचारलं. धैर्यशील म्हणजे माझ्या भावजयीचा भाऊ, बाळाचा मामा. विट्याजवळच्या वाळूखिंडीत त्याचा फर्निचरचा कारखाना होता. पाळणा त्यानं स्वतःच्या हातानं केला होता, शिसवीचा, चारी कोपऱ्यांवर मोर, वर कमान, आणि त्या सगळ्याच्या खाचांतून फिरवलेली दिव्यांची पट्टी. रंधा फिरवणारे हात त्याचे, पण त्या दिवशी ते शाळेतल्या पोरासारखे मागे बांधून तो उभा होता.

"सुरेख," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते. "ड्रायव्हर कुठं बसवलायस?"

तो खूश झाला. हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. त्यानं पाळण्यातली छोटी उशी उचलली. खाली प्लायवूडचं एक चौकोनी झाकण होतं, आणि ते इतकं बेमालूम बसलं होतं की नखही शिरलं नसतं.

"ह्याच्या खाली. दिसतोय का कुठं? फोटोत डबडं यायला नको म्हणून पाळण्याच्या तळातच खण केला. वायर साखळीच्या आतून वर गेलीया."

मी झाकणावर तळहात ठेवला. दिवे लावून जेमतेम चहा व्हावा इतका वेळ झाला होता, आणि लाकूड कोमट लागत होतं. त्या झाकणावर बाळाचं डोकं येणार होतं.

बार्शीत आमचं पाट्यांचं दुकान आहे. रात्री आतून उजळतात त्या पाट्या. नवरा अक्षरं कापतो, मी आतले दिवे जोडते. लग्न झालं तेव्हा मी दुकानात फक्त चहा करत असे. मग एका मेडिकलवाल्याची ह्यांनी केलेली पाटी आठवड्यात विझली, ती मी उघडून दुरुस्त केली, आणि तेव्हापासून चहा ते करतात. त्यामुळे ड्रायव्हर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरातली वीज दिव्यांच्या पट्टीला झेपेल अशी बारीक करून देणारा तो डबा. दिवे कमीजास्त चालतात, पण डबा चुकला की पाटी चुकली. आणि इथं पाटी नव्हती, पाळणा होता.

मी धैर्यशीलला पडवीत नेलं.

"पट्टी किती लावलीस?"

"आधी एक गुंडाळी आणलेली. पण आईला कोपऱ्यात अंधार दिसला. मग दुसरी जोडली. मग कमानीखाली सावली पडाय लागली, म्हणून तिसरी."

"आणि डबा?"

"डबा पहिलाच."

"साठ वॅटचा?"

"तसंच कायतरी असंल. चालतोय की मस्त."

"धैर्यशील, नीट ऐक. पट्टीच्या पुडक्यावर लिहिलेलं असतं, मीटरला किती वॅट खाते ते. त्याला लांबीनं गुणायचं, वर पाचवा हिस्सा चढवायचा, आणि मग डबा घ्यायचा. तुझ्या तीन गुंडाळ्या दोनशेच्या पुढं खातात. तू दोन माणसांच्या भाकरीवर अख्खी पंगत बसवलीस. चांगला डबा असता तर बंद तरी पडला असता. हा तापत राहिलाय. आणि त्याला हवा लागते, तू त्याला पेटीत कोंडलंयस."

तो हसला. "ताई, बारा व्होल्ट हाय ओ. हात लावला तरी झिणझिण्या न्हाईत. लहान बाळासाठीच बघून घेतला."

"शॉकचं नाही म्हणत मी. जाळायला व्होल्ट लागत नाहीत."

हा शब्द मी उच्चारायला नको होता. त्याचं हसू पुसलं गेलं. त्यानं मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"आज असलं बोलू नगासा," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्याकडच्यांनी तरी नगो."

ते 'तुमच्याकडच्यांनी' मला कुठं लागायचं तिथं लागलं.

माझा धाकटा भाऊ संपत आणि त्याची बायको वृषाली, ह्यांचं हे दुसरं मूल. पहिला मुलगा ह्याच घरात, वृषालीच्या माहेरी, बाराव्या दिवसाच्या आधीच गेला होता. त्या संध्याकाळी वीज गेली होती. बाळ पाळण्यात झोपलं होतं आणि घरातली माणसं मेणबत्ती शोधत होती. उजेड आला तेव्हा ते झोपलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, कुणाचा दोष नसतो. पण माझी आई मयताला आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अंधारात लेकरू एकटं ठिवलं हुतं व्हय?"

एवढंच म्हणाली. पुढं दोन दिवाळ्या ह्या घरातून आमच्या घरी फोन आला नाही. वृषाली रोज रात्री दिवा चालू ठेवून झोपायची. तिच्या आईनं, इंदूमावशीनं, तेव्हाच मनाशी धरलं की पुन्हा ह्या घरात पाळणा हलला तर त्याच्यात अंधाराचा ठिपका राहू द्यायचा नाही. धैर्यशीलनं एकेक गुंडाळी वाढवली ती हौसेनं नव्हे.

आणि दुसरं एक मावशींनी ठरवलं होतं. बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी कुणीही अभद्र शब्द काढायचा नाही. मेलं, जळलं, विझलं, काही नाही. माझ्या आईनं तर येताना एसटीतच संपतला शब्द दिला होता की मी आज तोंडच उघडणार नाही. ती सकाळपासून कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर ओठांवर धरून बसली होती. कुणी पाणी विचारलं तरी मान हलवत होती.

"निम्म्या पट्ट्या तरी सोडव," मी धैर्यशीलला म्हटलं. "नाहीतर विट्याला कुणाला तरी पाठवून मोठा डबा आण. मी लिहून देते."

"जाऊन यायला येळ कुठाय? बायका जमल्यात. आणि पट्ट्या सोडवायचं आईला तुम्ही सांगा. मी न्हाई सांगणार."

मी सांगायला गेले. इंदूमावशी देवघरात वरवंट्याला तेल लावत होत्या. त्याला घालायची चिमुकली कुंची शेजारी ठेवली होती, लाल, जरीकाठी.

"मावशी, पाळण्यातले दिवे थोडे कमी केले तर..."

"कशापायी?"

"डबा तापतोय. उशीखाली आहे. मला भीती वाटते की..."

त्यांनी तेलाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. खरोखर ठेवला.

"म्हणू नगंस," त्या म्हणाल्या. "जे काय म्हणाय आलीस ते म्हणू नगंस, माला. एकदा ऐकलंय म्या तुमच्या तोंडनं. आज माझ्या लेकीच्या पदरात ऱ्हाऊ दे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, आणि दोन्हीच्या मागं असली भीती होती की मला पुढं बोलवेना. ह्या बाईला मी आकडे काय सांगणार होते? अंधाराला घाबरणाऱ्या माणसाला उजेडाची भीती घालायची, तीही मी, त्या आईची मुलगी.

संपतला गाठलं तर त्यानं हातच जोडले. "ताई, तुझ्या पाया पडतो. दोन वर्षांनी ह्या घरात जेवायला बसतोय आपण. संध्याकाळी मी स्वतः तो डबा काढून फेकतो. पण आता नको."

संध्याकाळी. मी हॉलमध्ये परत आले. धैर्यशीलनं दिवे खुलून दिसावेत म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावले होते. दुपार असून आत फक्त पाळण्याचाच उजेड होता. माणसांचे चेहरे खालून उजळले होते, त्यामुळे ओळखीचे चेहरेही परके वाटत होते. साखळीतून वर गेलेली वायर पाळण्याबरोबर हलत होती. पायथ्याचा पिवळेपणा आता मघापेक्षा वर सरकला होता. इतरांना तो दिसतच नव्हता. काहीजणी म्हणाल्या, "कसला सोन्यासारखा उजेड पडलाय!"

एकदा वाटलं, सरळ प्लग उपटावा आणि होऊ दे काय व्हायचं ते. पण मग त्यांनी तो पुन्हा लावला असता, आणि मला बाळाच्या जवळपास फिरकू दिलं नसतं. ह्या घरात आज मला एकच अधिकार होता. मी आत्या होते. नाव ठेवायचं मी, आणि पाळण्यात घालण्याआधी बाळ येणार ते माझ्या हातात.

बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. कुंची घातलेला वरवंटा आला. आमच्याकडची पद्धत तीच, त्यांच्याकडचीही तीच. आधी दगडाचं बाळ, मग खरं. देवांची नावं घेत वरवंटा पाळण्याच्या वरून आणि खालून, इकडच्या हातांतून तिकडच्या हातांत फिरला. तरण्या पोरी खिदळल्या. एकीनं त्याची पापी घेतली. मग वृषालीच्या काकूनं त्याला पाळण्यात ठेवलं, कुंचीतलं डोकं बरोबर उशीवर. काळ्या मोहऱ्या भरलेली ती उशी इंदूमावशींनी शिवली होती, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. मऊ, पातळ, आणि खाली थेट ते झाकण.

एक पाळणा म्हणून झाला. काकू वरवंटा उचलायला वाकली.

"आता बाळ आणा," कुणीतरी म्हणालं.

वृषालीनं मुलगी माझ्या हातात दिली. दुपट्यात गुंडाळलेली, झोपलेली, वजन ते केवढं. तिच्या टाळूचा वास आला आणि माझं सगळं धाडस एका जागी गोळा झालं.

"थांबा, काकू," मी म्हटलं. "वरवंटा राहू दे. आमच्यात पाच पाळणे वरवंट्यालाच म्हणतात. पाच झाल्याशिवाय बाळ घालत नाहीत."

इंदूमावशी पुढं आल्या. "हे कवापासनं?"

"आमच्यात असतं तसं."

"संपतराव, तुमच्यात असतंय असं?"

संपतनं माझ्याकडं बघितलं. तो कधीच खोटं बोलू शकत नाही, लहानपणापासून. त्याचे कान लाल झाले. "मला... बायकांचं काय ठाऊक नाही," तो पुटपुटला.

"तुमच्या लग्नात, डोहाळजेवणात कवा निघाली न्हाई ही पद्धत," मावशी म्हणाल्या. आवाजात धार आली होती. "आजच निघाली. लेकराला पाळण्यात घालायचं न्हाई असं दिसतंय कुणाच्या तरी मनात."

वृषालीचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्या हातातल्या मुलीकडं हात करायला लागली. मी अर्धं पाऊल मागं सरकले. आणखी एक वाक्य, आणि ह्या दोन घरांत पुन्हा कधी बोलणं झालं नसतं.

तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची करकरली. माझी आई उठली होती. तिनं ओठांवरचा पदर काढला. मला वाटलं, संपलं.

"हाय तशी पद्धत," आई म्हणाली. "माझ्या सासूपासनं हाय. पाच पाळणं दगडाचं, मग लेकराचं. म्याच सांगाय पायजे हुतं, विहीणबाई. आज न बोलायचं ठरिवलं हुतं, म्हणून ऱ्हायलं."

तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. तिला ड्रायव्हर म्हणजे काय हे आजही माहीत नाही. माझ्या हातातली मुलगी मी कशी धरली होती तेवढं तिनं बघितलं असावं.

वरपक्षाची पद्धत म्हटल्यावर मावशींचा इलाज नव्हता. "म्हणा गं," त्या म्हणाल्या. "पाच तर पाच."

दुसरा पाळणा सुरू झाला. बायकांनी जरा घाईनंच म्हटला. तिसरा म्हणेपर्यंत पोरीसोरी कंटाळल्या, मागं कुजबुज सुरू झाली, कुणीतरी जांभई दिली. दोरी धैर्यशीलच्या हातात होती. पाळणा पुढं जाताना पायथा पिवळा दिसायचा, मागं येताना दगडाचं लाल कुंचीतलं डोकं पांढऱ्या उजेडात यायचं. मला त्या दगडाकडं बघवत नव्हतं आणि नजर हलवताही येत नव्हती. काही झालं नाही तर? पाचवा संपला, डबा तसाच टिकला, तर मी काय करणार होते? सहाव्या पाळण्याची पद्धत काढणार होते? मुलगी माझ्या खांद्यावर झोपेत उसासे टाकत होती.

चौथ्या पाळण्याच्या मध्यावर वास आला.

"घुगऱ्यांना फोडणी दिली वाटतं," काकू म्हणाली.

खरंच फोडणीचाच वास होता. तापलेल्या मोहरीचा, खमंग, भूक लागावी असा. बायकांचे चेहरे खुलले. कुणी म्हणालं, चला, जेवणाचं बघतायत म्हणजे. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आचारी केव्हाच सगळं उरकून मागच्या अंगणात तंबाखू मळत बसला होता. चूल विझलेली होती.

आईनंही तिकडंच पाहिलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच.

बायका पाचवा म्हणू लागल्या. आणि त्यांच्या आवाजाखालून मला ते ऐकू आलं. तड. मग थोडं थांबून, तड तड. अगदी बारीक. कढईत पहिली मोहरी फुटते तसं.

धैर्यशीलच्या हातातली दोरी थांबली. त्यालाही ऐकू गेलं होतं. तो पाळण्याच्या सगळ्यात जवळ होता.

"धैर्यशील," मी म्हटलं, "वरवंटा उचल."

"अजून पाचवा झाला न्हाई," मावशी म्हणाल्या.

"उचल म्हणते ना!"

त्यानं दोन्ही हातांनी वरवंटा उचलला. कुंचीची मागची बाजू, जिथं डोकं टेकतं ती, भाजक्या पापडासारखी तपकिरी झाली होती. ती त्याच्या बोटांत कुरकुरली. खाली उशीच्या मधोमध काळा डाग होता आणि तो बघता बघता पसरत होता. डागाच्या कडेवरून धुराची एक रेघ सरळ वर कमानीकडं निघाली. मग कापड फाटलं आणि काळ्या मोहऱ्या झाकणावर सांडून ज्वारीच्या लाह्यांसारख्या उडायला लागल्या.

कुणीतरी किंचाळलं. मी मुलगी एका हातानं छातीशी धरून भिंतीकडं धावले आणि प्लग उपटला.

हॉलमध्ये गडद अंधार झाला. त्या जाड पडद्यांमुळे दुपारचा थेंबसुद्धा आत येत नव्हता. आणि त्या अंधारात सगळी माणसं एकदम गप्प झाली. मला कळलं ते का गप्प झालेत. त्याच घरात, तसाच अंधार, तसाच पाळणा. इंदूमावशींच्या घशातून एक आवाज आला, शब्द नव्हता तो.

तेव्हा मुलगी रडली.

माझ्या कानाशीच, खच्चून, पाय झाडत, सगळ्या घराला दम देत रडली. मी तिला गप्प केलं नाही. रड, मी मनात म्हणत होते, रड बाई, ह्यांना ऐकू दे. वृषाली अंधारात चाचपडत त्या आवाजाच्या दिशेनं आली आणि तिनं मला आणि मुलीला दोघींना मिठी मारली.

कुणीतरी पडदे ओढले. आचाऱ्यानं धावत येऊन घागरीतलं पाणी पाळण्यावर मारलं, फस्स झालं, आणि लख्ख उन्हात सगळ्यांनी ते काळं भोक बघितलं. उशाच्या जागी.

धैर्यशील कुंचीतला वरवंटा छातीशी धरून उभा होता. इंदूमावशी त्याच्याकडं बघत होत्या, पाळण्याकडं, परत त्याच्याकडं. ज्या शब्दाला त्या सकाळपासून भीत होत्या तो आता कुणीतरी उच्चारणार होतं. त्यांच्या मुलाच्या हातून काय झालं असतं, तो शब्द. मी तोंड उघडणार नव्हते. पण काकू उघडणार होती, तिचा जबडा हललेला मी पाहिला.

आई पुढं झाली. तिनं झाकणावरच्या ओल्या, जळक्या मोहऱ्या चिमटीत घेतल्या, वास घेतला, आणि इंदूमावशींसमोर तळहात धरला.

"बघा, विहीणबाई. मोहऱ्या कशा तडतडल्या. मीठमोहऱ्या उतरून इस्तवात टाकल्यावर तडतडत्यात का न्हाई? तशाच. लई वाईट दृष्ट हुती पोरीवर. निघाली. दगडानं अंगावर घेतली."

इंदूमावशींनी तिच्या तळहाताकडं पाहिलं. मग त्या मटकन खाली बसल्या आणि माझ्या आईच्या कमरेला मिठी मारून रडायला लागल्या. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "अंधार काय करत न्हाई," ती म्हणत होती. "अंधारात मघाशी कशी रडली बघा की. ऐकलं न्हवं?"

नाव जमिनीवर, मावशींच्या मांडीवर ठेवलं. शरयू. मी तिच्या कानात सांगितलं आणि बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, जरा जास्तच जोरात. मला बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर धैर्यशीलनं मला कारखान्यात बोलावलं. त्यानं झाकण उचकटून डबा बाहेर काढला होता. एका अंगानं तो वितळून फुगला होता, आणि खणाची आतली बाजू कोळसा झाली होती. तो स्टुलावर बसला होता आणि हात मांडीवर पालथे पडले होते.

"ताई, पहिल्या पाळण्यानंतर लेकरू ठेवलं असतं तर?"

"नाही ठेवलं."

"तुमच्या पद्धतीमुळं."

"हो."

त्यानं डबा उचलला आणि माझ्याकडं दिला. "किती वॅटचा घ्यायचा, परत सांगा."

मी परत सांगितलं. ह्या वेळी तो हसला नाही. लांबी किती, मीटरला किती, वर पाचवा हिस्सा, आणि डबा उघड्या हवेत. तो शाळेतल्यासारखा माझ्यामागून म्हणत गेला.

नंतर काही वर्षांनी त्याचं लग्न झालं आणि मुलगा झाला. बारसं त्याच्या सासुरवाडीला, पलूसला. शरयू तेव्हा परकर-पोलक्यात मिरवण्याइतकी झाली होती. पाळणा तोच नेला होता. तळातला खण त्यानं सागाचा ठोकळा बसवून बुजवला होता. दिवे होते, एकच पट्टी, आणि भला मोठा ड्रायव्हर समोरच्या भिंतीवर खिळ्याला उघडा टांगलेला. तो प्रत्येक फोटोत येत होता. त्याच्या बायकोची मावशी डब्यावर रुमाल टाकायला गेली तर धैर्यशील तिच्या अंगावर ओरडला.

वरवंटा पाळण्यात ठेवून पहिला पाळणा झाला, तशा तिथल्या बायका म्हणाल्या, आता बाळ द्या.

"थांबा," इंदूमावशी ठसक्यात म्हणाल्या. "आमच्यात पाच पाळणं दगडाचं असत्यात. पूर्वीपासनं हाय."

"हो का? आम्ही कधी ऐकलं नाही."

"तुमच्यात नसंल. आमच्यात हाय."

माझी आई आता फारसं बाहेर पडत नाही, ती तिथं नव्हती. दुसरा पाळणा सुरू झाला तेव्हा धैर्यशील माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, इतकी वर्षं विचारीन म्हणत हुतो. तुमच्यात खरंच हाय का ही पद्धत?"

मी पाळण्याकडं बघत होते. दोन्ही टोकांचा उजेड सारखा पांढरा होता.

"आता आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग तो पुढं गेला, पाळण्याशी वाकला, आणि दगडाच्या डोक्याखाली, उशीच्या खाली त्यानं आपला तळहात सरकवला. बायका हसल्या, त्याच्या बायकोनं डोळे वटारले, पण पाचवा पाळणा संपेपर्यंत त्यानं तो हात काढला नाही.